उजव्या खिशाचा सदरा

मुकुंदवाडी, छ. संभाजीनगर
१९ जानेवारी २०२५

प्रिय बहीण सुलेखा हिला सर्जेदादाचा जय भीम.

आधी तुझी तब्येत कशी आहे ते सांग. यंदा थंडी लई पडली, तुझा डावा गुडघा धरत असेल. मशीनवर बसताना पायाखाली पोतं टाकत जा, परभणीची फरशी काय आणि इथली काय, गार ती गारच. मोनालीच्या दवाखान्यातल्या रात्रपाळ्या संपल्या का? पोरगी नर्स झाली तरी स्वतःच्या जेवणाचं भान ठेवत नाही, आईवर गेली. जावईबापू बुद्धभूषण यांचं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा बंद करा म्हणावं. मी सांगितलं असं सांगू नको, तू सांगितलं असं सांग, तुझं ऐकतात. विहीणबाई सरूबाईंचा मोतीबिंदू काढला असं संघपालकडून समजलं. आता त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं असेल, तेव्हा सगळ्यांनी सांभाळून राहा. आणि तुझं मशीन कसं आहे? त्याच्या चाकाचा बुश मीच बसवलेला आहे. पंधरा दिवसांनी दोन थेंब तेल मागतो, विसरू नको.

इकडं आम्ही मजेत. तुझ्या वहिनीचं बीपी गोळीनं जागेवर आहे, जीभ मात्र कुठल्याच गोळीनं जागेवर येत नाही. पोरगा संघपाल शेंद्र्याच्या कंपनीत पाळीनं जातो-येतो. मीपण ठणठणीत.

तू जाऊन पाच महिने झाले. फोन केला तर तू उचलत नाहीस, मोनालीनं उचलला तर 'आई झोपली' म्हणते. सकाळी अकराला झोपायची सवय तुला कधीपासून लागली? म्हणून मी पत्र धरलं. पत्राला तरी कुणी झोपलंय म्हणून परत पाठवत नाही.

मोनाली म्हणाली, विहीणबाई विचारत होत्या, तुमचा भाऊ म्हातारपणी खेळणी करतो का? त्यांना नीट समजावून सांग. म्हणावं, आपल्याकडं शंकरपट असतो ना, दोन बैलजोड्या सरळ पट्टीवर सोडायच्या आणि पापणी लवेपर्यंत निकाल. तसा अमेरिकेत साठ-बासष्ट साली मोटारींचा पट भरायचा, त्याला ड्रॅग रेस म्हणतात. पाव मैल सरळ धावायचं, वळण नाही, आठ-नऊ सेकंदांत खेळ खलास. गाड्यापण तशाच, टोळासारख्या लांब अन् लुकड्या. पुढं सायकलसारखी बारीक चाकं, मागं जाडजूड, इंजिन उघडं, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, मागच्या चाकांच्याही मागं. नुसत्या ब्रेकनं थांबत नाही म्हणून पाठीमागं पॅराशूट सोडायचं. असल्या जुन्या गाड्यांची सोळापट लहान नक्कल माझा भाऊ करतो म्हणावं, फूटभर लांबीची, आणि त्यात केसभर फरक त्याला चालत नाही. मूळ गाडीत चार बोल्ट असतील तर इथंपण चारच, तेही आटे पाडलेले.

आणि हेपण सांग, की त्यातलं पॅराशूट अन् सीटची गादी माझ्या हातची असते. मी कधी कुणाला सांगितलं नाही. तू तरी सांग.

आठ-शून्य-आठ नंबरची गाडी नोव्हेंबरात अमेरिकेत पोचली. ती मागवणाऱ्या कॅरलबाईंनी ती वडिलांना शहाऐंशीव्या वाढदिवसाला दिली. मूळ गाडी तरुणपणी तेच पळवायचे. म्हातारबाबांना आवडली असं त्यांनी कळवलं.

एक बारीक विचारायचं होतं. इथं टपरीवर कडुबाशी माझी पैज लागली आहे. पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा डावीकडं असतो की उजवीकडं, आणि गुंड्यांची कोणती पट्टी वर येते? तुझी सारी हयात सदरे बेतण्यात गेली, तुझ्याइतकं पक्कं कोण सांगणार? कडुबा रोज छळतो, म्हणून जरा लवकर लिही.

तुझा,
सर्जेदादा


मुकुंदवाडी
७ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुलेखा,

जय भीम. तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर दोन ओळी. "स्वतःच्या छातीकडं बघ, खिसा सापडेल. गाडीचं काय झालं ते लिही."

तुझ्या वहिनीनं ते माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि 'पकडला' एवढंच म्हणून भाकरी थापायला गेली. कडुबाशी पैज-बिज काही लागलेली नाही. तो बिचारा दिवाळीपासून लेकीकडं आहे. माझ्या अंगात सदरा असताना मी परभणीला खिसा विचारतो, हे तुला कळणार नाही असं मला कसं वाटलं कुणास ठाऊक.

तर आता लिहितो.

म्हातारबाबांना, म्हणजे वेंडेलबाबांना, गेल्या दोन वर्षांपासून दिसत नाही. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. कॅरलबाईंनी लिहिलंय की केक कापून झाल्यावर पेटी उघडून त्यांनी गाडी वडिलांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पुढच्या चाकापासून बोटं फिरवायला सुरुवात केली. एकेक भाग हाताला लागला की त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचे. ॲक्सल. स्टिअरिंगचा दांडा. इंजिन. एवढ्या म्हाताऱ्या बोटांना सोळापट लहान झालेली आपली गाडी ओळखू आली. मग बोटं सीटपाशी गेली, तू जाण्याआधी शिवून ठेवलेल्या गादीवरून फिरली, आणि तिथंच थांबली. त्यांनी पुन्हा एकदा दोन्ही बाजू चाचपल्या आणि म्हणाले, "गाडी माझीच आहे. पण माझा ब्रेक डाव्या हातात कुणी दिला?"

सगळे हसले म्हणे. तेपण हसले. कॅरलबाईंनी ते गमतीनंच लिहिलंय, आणि वर, मनाला लावून घेऊ नका, काम सुंदर आहे, असंही लिहिलंय. संघपालनं ओट्यावर बसून मला ई-मेल दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाच म्हणालो तर म्हणाला, "दादा, तिसऱ्यांदा वाचल्यानं ब्रेक उजवीकडं जायचा नाय."

फोटो तुला आठवत असेलच. त्यांचे जुने अल्बम पुरात गेले, राहिलं ते एका मासिकाचं कात्रण. त्यात गाडी आडवी उभी, आणि तिच्याजवळ वेंडेलबाबांचे थोरले भाऊ, अंगात कामाचा सदरा. मी ते कात्रण काढलं, वहिनीच्या आरशासमोर धरलं. आरशात सदऱ्याचा खिसा डावीकडं आला. पट्टी जशी पाहिजे तशी आली. ब्रेकचा दांडा उजव्या हाताला आला. छापणाऱ्यानं साठ वर्षांपूर्वी फिल्म उलटी लावली होती. गाडीवर नाव नव्हतं, नुसता नंबर, आणि इंग्रजी आठ-शून्य-आठ आरशातपण आठ-शून्य-आठच दिसतं. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुणाच्या म्हणजे माझ्या. तुझ्या आलं होतं. ऑगस्टात तू मला हेच सांगितलं होतंस, खिसा उजवीकडं आहे, फोटो उलटा आहे म्हणून. मी मापं सगळी बरोबर घेतली, व्हर्नियर लावून लावून डोळे आंधळे केले, आणि अख्खी गाडी उलटी केली. डावं ते उजवं, उजवं ते डावं.

मी त्या दिवशी जरा जोरात बोललो. ते मनात ठेवू नको. तुला माझा आवाज माहीत आहे, कंपनीत प्रेसच्या शेजारी चौतीस वर्षं काढली, बारीक बोलताच येत नाही.

मोनालीला आशीर्वाद. पत्राचं उत्तर दे.

दादा


१९ फेब्रुवारी

सुलू,

कार्ड पोचलं. "जोरात बोललास ते मला आठवत नाही. काय बोललास ते आठवतं. तुला आठवत असेल तर लिही."

आठवतं. लिहितो. दोन दिवस दे.

दादा


मुकुंदवाडी
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुलू,

दोन दिवस म्हणालो आणि सात लागले. चार कागद फाडले. वहिनी म्हणाली, एवढ्या कागदात एक गाडी झाली असती.

ऑगस्टातला तो दिवस. वर्तमानपत्राचा माणूस आला होता, मुकुंदवाडीचा फिटर अमेरिकेच्या गाड्या करतो म्हणून माझा फोटो काढायला. मी नवा सदरा घालून टेबलापाशी बसलो होतो. आठ-शून्य-आठचा सांगाडा पितळी नळ्यांचा, नुकताच जोडून झालेला, समोर ठेवला होता. तू चहा घेऊन आलीस. भिंतीवर फोटो लावलेला होता, त्याच्याकडं बघत तू ट्रे धरून उभी राहिलीस. मग म्हणालीस, "दादा, ह्या माणसाच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडं हाये. पट्टीबी बायकांसारखी. फोटो उलटा छापलाय."

मी म्हणालो, अमेरिकेत तसलेच सदरे असतील.

तू म्हणालीस, "माणसाची छाती सगळीकडं सारखीच असती. मी काय कमी सदरे शिवले व्हय?"

तो वर्तमानपत्राचा माणूस हसला. वाईट हसला नाही, पण हसला. आणि मी तुला म्हणालो, "माझ्या छताखाली राहून मला शिकवू नको. तुझं काम शिवायचं, तू शीव."

हेच शब्द होते. मी एकही कमी केलेला नाही.

तू त्या पेपरवाल्याच्या हातात कप दिलास, बशीत थेंब सांडू न देता. माझा कप टेबलावर ठेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली. मशीनचं डोकं तू एकटीनं स्टँडवरून काढलंस, गोधडीत बांधलंस. वहिनी दारात रडत होती. मी आतल्या खोलीत कानस घासत होतो. सुलू, त्या कानशीखाली कसलाही जॉब नव्हता. भंगारातल्या एका पट्टीवर मी उगाच घासत बसलो होतो, दादा कामात आहे असं तुला ऐकू जावं म्हणून. रिक्षा गल्लीच्या तोंडाला वळली तेव्हा मी थांबलो. तोवर पट्टी अर्धी झाली होती.

पेपरात फोटो आला, माझा एकट्याचा. खाली लिहिलं होतं की आसनाची शिलाईसुद्धा हे स्वतः करतात. मी तसं सांगितलं नव्हतं. पण तसं नाही, असंही सांगितलं नव्हतं.

अजून एक आहे. ते तू विचारलेलं नाहीस आणि तुला माहीतही नाही. लिहिलं नाही तर हे पत्रपण पेपरातल्या त्या फोटोसारखंच होईल, म्हणून लिहितो.

असल्या इंजिनात सिलिंडरच्या दोन ओळी असतात, चार इकडं, चार तिकडं. दोन्ही ओळी बरोबरीनं नसतात, एक बोटभर पुढं असते. त्या जातीच्या इंजिनात डावी ओळ पुढं. मी तसली दोन इंजिनं आधी केलेली होती, मला ते पाठ होतं. आणि ह्या फोटोत उजवी पुढं दिसत होती. तू खिसा बघायच्या आठ दिवस आधी मला ते दिसलं होतं. त्या वेळी सांगाड्याला तीन महिने गेले होते. मी मनाला म्हणालो, कॅमेरा तिरपा असेल. मग म्हणालो, ह्या लोकांनी घरी जुळवलेली गाडी, त्यांनी काही वेगळं केलं असेल. आठ दिवस मी मनाची समजूत घालत होतो आणि ती पटत नव्हती. नवव्या दिवशी तू चहा घेऊन आलीस आणि नेमकं त्याच जागेवर बोट ठेवलंस, तेपण परक्या माणसासमोर. तू चुकत असतीस तर मी हसून सोडून दिलं असतं. तू बरोबर होतीस म्हणून मी तसं बोललो.

टूलरूममध्ये आमचा एक नियम होता. ज्यानं जॉब केला त्यानं तो पास करायचा नाही. कितीही मोठा कारागीर असो, त्याची खिडकी वेगळी आणि इन्स्पेक्शनची वेगळी. आमच्या इन्स्पेक्शनला एक खडूस माणूस होता, कुणालाच आवडायचा नाही, माझे कितीतरी जॉब त्यानं परत पाठवले. पण चौतीस वर्षांत त्याला कुणी 'तुझं काय काम' असं म्हणालं नाही. आणि घरी मीच केलं, मीच पास केलं, अन् ज्या माणसाला चूक दिसली त्याला घर सोडायला लावलं.

आणि ते छत. दाजी गेले आणि तू लहानग्या मोनालीला घेऊन आलीस तेव्हा इथं पत्रे होते. पुढं स्लॅब पडला तेव्हा मी कंपनीत जायचो, वहिनीला संघपालच्या वेळचे दिवस. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ घागरी घेऊन शिडी चढणारी आणि स्लॅबला पाणी पाजणारी तू. त्याला 'माझं छत' म्हणायला माझी जीभ कशी वळली याचा मी आठ दिवस विचार करतोय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसलंच काहीतरी असेल.

मी चुकलो, सुलू. फोटोत चुकलो ते वेगळं, त्याची दुरुस्ती हातानं होते. तुला बोलण्यात चुकलो, ते कशानं दुरुस्त करतात ते मला कुणी शिकवलं नाही. तुला माहीत असेल तर सांग.

तुझा,
दादा


मुकुंदवाडी
३० मार्च २०२५

प्रिय सुलेखा,

जय भीम. महिना झाला, तुझं कार्ड नाही. मी पोस्टमनला रोज विचारतो, आता तो मला लांबूनच मान हलवून दाखवतो. उत्तर नाही हेपण उत्तरच असतं, तेवढं मला समजतं. तरी लिहितो, कारण एक काम थांबलं आहे आणि ते तुझ्यापाशी थांबलं आहे.

तुला पत्र टाकलं त्याच दिवशी संघपालला बसवून कॅरलबाईंनापण लिहायला लावलं. फोटो उलटा होता, तो माझ्या बहिणीनं सदऱ्यावरून ओळखला, मी तिचं ऐकलं नाही, उलट तिला घालूनपाडून बोललो. संघपाल म्हणाला, दादा, एवढं सगळं त्यांना कशाला? मी म्हणालो, लिही. पॅराशूट आणि गादी तिनंच शिवली, याच्या आधीच्या अकरा गाड्यांचीही तिनंच शिवली, हेपण लिही. त्यानं लिहिलं. मध्येच एकदा माझ्याकडं बघितलं, पण लिहिलं.

त्यांचं उत्तर आलं. वेंडेलबाबा ती उलटी गाडी परत द्यायला तयार नाहीत, ती उशाशी असते. कॅरलबाई म्हणतात, दुसरी करायच्या फंदात पडू नका. पण वेंडेलबाबांनी वेगळा निरोप दिलाय. ते म्हणाले, "साठ वर्षं सगळ्यांनी माझी गाडीच बघितली. माझ्या भावाचा सदरा बघणारी ही बाई कोण आहे?" तुझं नाव त्यांनी कॅरलबाईंकडून चारदा म्हणवून घेतलं. त्यांच्या तोंडी ते 'सुलीका' होतं.

मार्चमध्ये त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. कॅरलबाईंनी ते शेवटच्या ओळीत लिहिलंय, जाता जाता सांगावं तसं. घाई करा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

दुसरी गाडी मी तुला पत्र टाकलं त्याच दिवशी हातात घेतली होती, ती आता घाईनं पुरी केली. पहिल्या गाडीला सात महिने लागले, हिला एक महिना. मापं तीच होती, फक्त हात बदलायचे होते. तरी सांगतो, फार जड गेलं. हाताला सवय उलटीची झालेली. दोन नळ्या परत चुकीच्या बाजूला जोडल्या आणि परत काढल्या. आता ब्रेक उजव्या हाताला आहे, स्टिअरिंगचा दांडा डावीकडं, इंजिनाची डावी ओळ पुढं. असं माझं म्हणणं आहे.

पॅराशूट मी स्वतः शिवलं. तुझ्या अस्तराच्या कापडाचे तुकडे डब्यात राहिले होते. आठ पाकळ्या कापल्या, सात सारख्या झाल्या आणि आठवी कुठं गेली ते कळलं नाही. सुई बोटात दोनदा गेली, चष्मा दोनदा पुसला. वहिनीनं ते उचलून उजेडात धरलं आणि म्हणाली, "हे पॅराशूट नाय, पिठाच्या डब्याचं फडकं हाये." गादी तर तुला दाखवण्याच्या लायकीचीपण नाही. तू शिवून द्यावं म्हणून हे लिहीत नाही. तसं मागायचा हक्क मी ऑगस्टातच घालवला. गाडीला हेच फडकं लावून पाठवीन, वेंडेलबाबांच्या बोटांना ते लगेच कळेल आणि ते विचारतील, सुलीका कुठं गेली? मग सांगीन जे आहे ते.

पण एका गोष्टीत मी हटणार नाही. ही गाडी मी केली आहे, तेव्हा ती पास करणारा मी नव्हे. संघपालकडून कॅरलबाईंना तसं कळवलं आहे, गाडी तयार आहे पण अजून पास झालेली नाही. त्यांनी विचारलं, पास कोण करणार? संघपालनं तुझं नाव लिहिलं.

वहिनी पाठीमागं उभी राहून सांगते आहे, 'परत ये' असं लिहा. मी ते लिहीत नाही. मोनाली म्हणाली की तू त्यांच्या गल्लीतच स्वतःची खोली घेतलीस, मशीन खिडकीपाशी लावलंस, दारावर 'सुलेखा टेलर्स' पाटी लावलीस, आणि विहीणबाई दुपारी तिथंच येऊन बसतात. ऐकून आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी बरं वाटलं. तिथून उठून तू इथं यावंस असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

मीच येतो म्हणतो. गाडी पेटीत घालून पेटी मांडीवर घेईन, मुकुंदवाडी स्टेशनातून सकाळची पॅसेंजर धरीन, दुपारपर्यंत परभणी. बरोबर ते कात्रण आणतो, व्हर्नियर आणतो. तुझ्या कापायच्या टेबलावर गाडी ठेवीन आणि दाराशी स्टुलावर बसेन. तू सवडीनं बघ. गिऱ्हाईक आलं तर आधी गिऱ्हाईक बघ. चूक सापडली तर सरूबाईंच्या समोर सांग, जावयासमोर सांग, रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांग. मी गाडी उचलीन, घरी आणून दुरुस्त करीन आणि पुन्हा घेऊन येईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर नुसती मान हलव, तेवढं पोस्टमननं मला शिकवलं आहे.

तिथलं छत तुझं आहे. तिथं तू शिकव, मी ऐकतो.

वेंडेलबाबांच्या तब्येतीचं तुला सांगितलंच. तेव्हा तुझी सवड कोणत्या वारी असते, तेवढं एका ओळीत लवकर कळव. कार्ड नसेल तर मोनालीच्या फोनवरून नुसता वार सांग. मी तो वहिनीच्या आधी ऐकायला फोनजवळच बसलो आहे.

तुझा,
सर्जेदादा